वजन नव्हे, वस्तुमान

पहिल्यांदा सविताने ओव्हरटेक केलं, तेव्हा रजनीबाईंनी तो योगायोग मानला. दुसऱ्यांदा केलं, तेव्हा वारा पाठीमागून असेल असं म्हटलं. वारा दोघींनाही एकाच बाजूने लागतो हे लक्षात आल्यावर त्यांनी वाऱ्याला दोषमुक्त केलं. बाराव्या दिवशी मात्र त्यांनी पर्समधली छोटी वही काढून नोंद केली : 'खिंडीचा चढ, तिसरं वळण. सहा वाजून छप्पन्न मिनिटं. हॉर्न दोनदा.'

हॉर्नचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण हॉर्नपाठोपाठ "येते हं, रजनीताई!" अशी हाक यायची, आणि ती इतकी मनापासून यायची की तिच्याबद्दल कुणाकडे तक्रारही करता येत नव्हती.

रजनीबाई कामशेतला राहत आणि पवनानगरच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवत. सविता त्याच शाळेत मराठी शिकवायची. दोघींच्या स्कूटर एका कंपनीच्या, एका मॉडेलच्या, एका सालच्या. रंगही एकच. कंपनी त्याला काहीतरी इंग्रजी नाव देते, पण शाळेच्या शिपाई नंदाबाई त्याला राखुंडीचा रंग म्हणत. दोन सारख्या वस्तू सारख्या परिस्थितीत ठेवल्या तर त्या सारख्याच वागतात, असं रजनीबाई एकवीस वर्षं मुलांना सांगत आल्या होत्या. आणि रोज सहा छप्पन्नला तिसऱ्या वळणावर एक राखुंडी स्कूटर दुसरीला मागे टाकून त्यांची एकवीस वर्षं पुसत होती.

नुसतं मागे राहण्याचं त्यांना काही वाटलं नसतं. प्रश्न फळ्याचा होता.

शाळेच्या फाटकाशी एक फळा आहे. त्यावर वर 'आजचा सुविचार' असं ऑइलपेंटने लिहिलंय आणि खाली जागा मोकळी आहे. जो शिक्षक सकाळी सर्वांत आधी पोचेल त्याने सुविचार लिहायचा, अशी शाळेची जुनी रीत. हे कुठल्या परिपत्रकात नाही, पण परिपत्रकांपेक्षा जास्त पाळलं जातं. अकरा वर्षं तो फळा रजनीबाईंनी लिहिला. सुबक, सरळ रेषेत, पांढऱ्या खडूने. 'पाण्याची घनता चार अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते.' 'सूर्यप्रकाशाला पृथ्वीवर पोचायला सुमारे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात.' खाली पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक. स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय किंवा स्रोत दिल्याशिवाय त्या फळ्यावर काहीही लिहीत नसत.

मग सविता शाळेत आली. तिचा भाऊ दुबईला गेला आणि त्याची स्कूटर तिच्याकडे आली. त्यानंतर फळ्यावर रंगीत खडूंच्या वेली उगवल्या. कोपऱ्यात मोरपीस आलं. 'मनाच्या अंगणात आशेची रांगोळी काढा' असली वाक्यं आली. मनाला अंगण कुठून आलं, आणि स्रोत काय, हे कुणी विचारलं नाही. उलट मुख्याध्यापक एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "रजनी मॅडम, तुमचे सुविचार बरोबर असायचे हं. पण सविता मॅडमचे कसे मनाला भिडतात."

'बरोबर असायचे, पण.' रजनीबाईंनी त्या रात्री पोळ्या लाटताना त्या 'पण'चा विचार केला. मुकुलरावांच्या ताटात त्या दिवशी नकाशे पडले.

"अगं, मग लवकर निघ ना पाच मिनिटं," मुकुलराव श्रीलंकेच्या आकाराची पोळी मोडत म्हणाले. ते तळेगावच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होते आणि त्यांना नेहमी सोपे उपाय सुचत.

"तो पराभव झाला," रजनीबाई म्हणाल्या. "शिवाय तीही पाच मिनिटं लवकर निघेल. दोष गाडीत आहे."

म्हणून त्या गोरखकडे गेल्या.

गोरखचं गॅरेज कामशेतच्या फाट्याजवळ. त्याने गाडी मधल्या स्टँडवर लावली, रेस पिळली, डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि निदान केलं.

"पिकअप न्हाई."

"ते मलाही माहीत आहे. कारण काय?"

"चढाला दम खातीया. वजनं कमी करा मॅडम, चढ आपोआप चढंल."

इथे एखाद्या साध्या बाईने 'कसली वजनं?' असं विचारलं असतं. पण रजनीबाईंना त्या वाक्यात वेगळीच गोष्ट खटकली. एकवीस वर्षं त्यांनी नववीच्या प्रत्येक तुकडीत ही चूक लाल शाईने दुरुस्त केली होती.

"वजन नव्हे, वस्तुमान," त्या म्हणाल्या.

"आँ?"

"वजन म्हणजे पृथ्वी वस्तूला ज्या बलाने स्वतःकडे खेचते ते. ते न्यूटनमध्ये मोजतात. तुला म्हणायचंय ते वस्तुमान. ते किलोग्रॅममध्ये."

गोरखने हातातल्या पान्याकडे पाहिलं. मग आदराने म्हणाला, "बरं. मग ते बी कमी करा."

"करते."

"म्या करून देऊ का? घंट्याचं काम हाये."

"नको. मी घरीच करीन."

"घरी जमंल?" गोरखच्या भुवया वर गेल्या.

"न जमायला काय झालं?"

एवढं शिकलेल्या बाईला पुढे काय विचारायचं, असा विचार करून गोरख दुसऱ्या गाडीकडे वळला. तो 'वजनं' म्हणाला होता, अनेकवचनी, हे रजनीबाईंच्या कानाने टिपलं होतं. पण ते त्यांनी गावाकडच्या बोलीच्या खात्यावर टाकलं.

मापल्याशिवाय कमी काय करणार? घरचा काटा पिठाचा. म्हणून शनिवारी दुपारी त्या स्कूटर घेऊन बजरंगशेटच्या तांदळाच्या दुकानात गेल्या. तिथे पोती तोलायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आणि त्याचे लाल आकडे रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतात. भाताचा हंगाम होता. मावळातले शेतकरी पोती घेऊन रांगेत उभे होते. रजनीबाई स्कूटर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

"ताई, हे काय?" बजरंगशेटने विचारलं.

"स्कूटर."

"ते दिसतंय. इकायचीय का?"

"तोलायचीय."

स्कूटर काट्यावर चढली. एकशे आठ पूर्णांक चार. बजरंगशेटच्या यंत्राला छापील पावती दिल्याशिवाय राहवत नाही. पावती बाहेर आली : 'माल : इंद्रायणी. १०८.४ किलो.'

"वलावा किती धरू?" रांगेतून एक आबा म्हणाले, आणि रांग हसली.

"आता मी," रजनीबाई म्हणाल्या. प्रयोगात एकूण वस्तुमान लागतं, आणि एकूणात चालकही येतो. त्या ताठ मानेने काट्यावर उभ्या राहिल्या. लाल आकडा लागला. रस्त्यापलीकडच्या वडापाववाल्यानेही तो वाचला. तो आकडा इथे देण्याचं कारण नाही. रांगेतल्या आबांनी मात्र या वेळी ओलाव्याचा प्रश्न काढला नाही, आणि रजनीबाईंना त्याचंच जास्त लागलं. दुसरी पावतीही इंद्रायणीचीच होती.

पुढच्या आठवड्यात स्कूटर सोलली गेली. साडीगार्ड : एक किलो सहाशे ग्रॅम. मागचं धरायचं हँडल : नऊशे. पाय ठेवायच्या पट्ट्या, चिखलपत्रा, डिकीतला रेनकोट, लक्ष्मीचा फोटो असलेली पितळी किल्लीसाखळी. दोन्ही आरसे मिळून चारशे वीस ग्रॅम. आरशांत तसंही सविताशिवाय काही दिसत नव्हतं. रजनीबाईंनी स्वतःचा रात्रीचा भात बंद केला, आणि घरात एकट्याने भात खाणं बरं दिसत नाही म्हणून मुकुलरावांचाही.

"मी कुठे बसतो तुझ्या गाडीवर?" मुकुलराव म्हणाले.

"नियंत्रित परिस्थिती," रजनीबाई म्हणाल्या.

एकूण घट, चालकासह, सात किलो शंभर ग्रॅम. सोमवारी सकाळी त्या भुंड्या स्कूटरवर बसून निघाल्या. हवा थंड होती, इंजिन मोकळं वाजत होतं. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर दोनदा हॉर्न वाजला.

"येते हं, रजनीताई! गाडीला काय झालं हो? पडलात की काय?"

सविता पुढे गेली. आणि आज तिच्या मागे नंदाबाई बसल्या होत्या. नंदाबाईंच्या मांडीवर शाळेच्या खिचडीचं नवीन पातेलं होतं. नंदाबाईंनी पातेल्याआडून हात हलवला.

रजनीबाईंनी गाडी कडेला घेतली. आपण सात किलो कमी केले. ती निदान सत्तर किलो जास्त घेऊन गेली, पातेलं वेगळं. हे वैयक्तिक अपयश नव्हतं, हा भौतिकशास्त्राचा अपमान होता.

संकटात सापडलेल्या माणसाला शेजारी वासाने ओळखतात. चिंतामणीकाका खालच्या मजल्यावर राहत. निवृत्त रेल्वे गार्ड. उभं आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेलं असल्यामुळे इंजिनाबद्दल त्यांची मतं ठाम होती.

"डांबरगोळ्या," ते म्हणाले. "पेट्रोलच्या टाकीत चार डांबरगोळ्या टाक. आमचे लोणावळ्याचे एक साहेब टाकायचे. स्कूटर नुसती बाणासारखी."

"काका, त्याला काही आधार?"

"आधार कसला? ते साहेब आहेत ना आधार! आणि सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाक. श्वास कोंडतो गं तिचा. तुझं नाक दाबून तुला खिंड चढायला सांगितली तर?"

रजनीबाईंना आधार नसलेल्या गोष्टी आवडत नसत. पण त्या दिवशी नंदाबाईंचं पातेलं त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. द्वेष माणसाला आंधळं करतो की नाही हे त्यांनी पडताळलं नव्हतं. डांबरगोळ्या टाकायला लावतो, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं.

परिणाम लगेच दिसला, आणि त्याहून आधी ऐकू आला. जाळी गेलेल्या सायलेन्सरमधून असा आवाज निघाला की खिंडीतली वानरं झाडावरून उतरून बघायला आली. मागे काळा धूर, आणि धुराला जुन्या ट्रंकेत ठेवलेल्या शालूचा वास. वेग होता तेवढाच राहिला. सविता मात्र आता हॉर्न न वाजवता पुढे जायची, कारण वाजवून ऐकू आला नसता. नाकाला ओढणी लावून ती नुसता हात हलवायची. शाळेत आठवीच्या वर्गाने रजनीबाईंचं नाव 'ट्रॅक्टर मॅडम' ठेवलं. एकवीस वर्षांत त्यांना नाव पडलं नव्हतं. नाव पडावं असं त्यांनी कधी काही केलंच नव्हतं.

"बाई, येक बरं झालं," नंदाबाई म्हणाल्या. "तुमी करुंज्याच्या पुढं आला की हितं आवाज येतो. मी चहा टाकायला घेते."

गुरुवारी फाट्यावर पोलिसाने हात केला. पोलीस विनयशील होता, आणि विनयशील माणसासमोर चूक जास्तच उघडी पडते.

"मॅडम, आरसे?"

"काढले."

"का बरं?"

"चारशे वीस ग्रॅम."

पोलिसाने डायरी बंद केली, पुन्हा उघडली. "साडीगार्ड?"

"मी साडी नेसतच नाही. ड्रेस घालते."

"तसं नसतं मॅडम. साडीगार्ड गाडीला लागतं. तुम्ही काय नेसता त्यात सरकार पडत नाही."

"पण मग त्याचं नाव..."

"नावाचं मी काय करू? पीयूसी?"

त्याने मोबाइलने फोटो काढला. दंडाचा निरोप संध्याकाळी फोनवर आला, फोटोसह. फोटोच्या मध्यभागी भुंडी स्कूटर आणि हेल्मेटमधल्या, डोळे अर्धवट मिटलेल्या रजनीबाई. आणि उजव्या कोपऱ्यात, चौकटीतून बाहेर पडता पडता, मान वळवून काळजीने पाहणारी दुसरी राखुंडी स्कूटर. सरकारी कागदावरसुद्धा सविता पुढेच होती.

पीयूसी केंद्रावरच्या माणसाने नळी सायलेन्सरला लावली, आकडा पाहिला आणि नळी काढून रुमालाने पुसली. "मॅडम, ही प्रवासी गाडी आहे की डासांची?" तो म्हणाला. प्रमाणपत्र मिळालं नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून दंड मिटेना. चौकीतले साहेब म्हणाले, गाडी मूळ रूपात आणून दाखवा. मूळ रूप म्हणजे काय, याची चौकीत दोन मतं होती, आणि दुसरं मत ज्यांचं होतं ते रजेवर होते. तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा गाडी चौकीच्या दारात पोचण्यापूर्वीच आतले लोक बाहेर येऊन उभे असत.

शेवटी एका रविवारी रजनीबाई आरसे, साडीगार्ड, हँडल, सगळं गोणीत भरून पुन्हा गोरखच्या दारात उभ्या राहिल्या. गोरखने गोणीत डोकावून पाहिलं. टाकीचं झाकण उघडून वास घेतला. मग नाक पुसून झाकण पटकन लावलं. 

"सगळं परत बसव," त्या म्हणाल्या. "टाकी धू. जाळी टाक."

"आणि वजनं?"

"कमी केली. सात किलो शंभर ग्रॅम. उपयोग शून्य."

गोरखने डाव्या बाजूचं बेल्टचं झाकण खोललं, आतली एक चकती काढली आणि तिच्यातून काहीतरी हातावर पाडलं. मग हात पुढे केला. हातावर सहा छोटे, जाड, दोऱ्याच्या रिळासारखे गोल तुकडे होते.

"ही काय हितंच हायेत की! कंपनीचीच, पंदरा पंदरा ग्राम. ह्ये रोलर. ह्यांनाच आमी वजनं म्हंतो. ही हलकी टाकली की इंजान चढाला मोकळं पळतं. म्या तवाच बोललो ना, वजनं कमी करा म्हनून?"

रजनीबाई त्या सहा तुकड्यांकडे पाहत राहिल्या. सहा. अनेकवचन.

"तू सांगितलं नाहीस, कसली वजनं ते."

"तुमी इचारलं न्हाई. मला वाटलं, तुमास्नी ठावं असंल. तुमी तर त्येचं दुसरं नाव बी सांगितलं." गोरखने डोकं खाजवलं. "सविता मॅडमनी इचारलं व्हतं. गेल्या सालच्या दसऱ्याला आल्या व्हत्या, त्यांना बी ह्येच बोललो. तर म्हनल्या, 'वजनं? अनेकवचन का रे?' मंग खोलून दावलं. त्यांना तेरा तेराची टाकून दिली."

बाजूच्या टपरीवर कुणीतरी चहा ओतत होतं. रजनीबाईंना त्या क्षणी जे वाटलं ते कुठल्याही एककात मोजता आलं नसतं. आपल्या विषयातला शब्द, आणि तो त्या मराठी शिकवणारीने ओळखला. तेही व्याकरणाच्या जोरावर.

"माझ्या गाडीत नऊ टाक," त्या म्हणाल्या.

"नऊ? मॅडम, नऊ लय हलकी व्हतील. अकरा-बारा..."

"तिची तेरा ना? मग नऊ."

सोमवारी खिंडीच्या चढाला राखुंडी स्कूटर अशी काही किंचाळत सुटली की रजनीबाईंनी क्षणभर ब्रेकवर हात ठेवला. सविता पुढे जाईपर्यंत त्या मुद्दाम थांबल्या होत्या; दुसऱ्या वळणावर त्यांनी तिला गाठलं. तिसऱ्या वळणावर, बरोबर सहा छप्पन्नला, मागे टाकलं. हॉर्न द्यायचं त्यांनी महिनोन्‌महिने ठरवून ठेवलं होतं, पण आनंदात इंडिकेटर दाबला गेला. आरशात (आरसे परत आले होते) सविता लहान होत गेली. तेरा महिन्यांत प्रथमच रजनीबाईंना आरशाचं महत्त्व पटलं.

मग खिंड संपली आणि सपाट रस्ता लागला. स्कूटर चाळीसवर अडकली. रेस पिळा, पिळून काढा, इंजिन ठणाणा करतंय आणि काटा चाळीस. धरणाचं पाणी दिसू लागलं तेव्हा शांतपणे, जवळजवळ आवाजही न करता, सविता बाजूने गेली. "येते हं, ताई! गाडी ओरडतीये बघा, दाखवून घ्या!"

फळ्यावर त्या दिवशी कमळ होतं.

रजनीबाई आता चिडल्या नाहीत. त्या शास्त्राकडे परतल्या, जिकडून त्यांनी कधी जायलाच नको होतं. नऊने चढ मिळतो, सपाटी जाते. पंधराने सपाटी मिळते, चढ जातो. म्हणजे मधे कुठेतरी सर्वोत्तम बिंदू आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर त्यांनी रोलर एकेक करून तोलले. आलेख काढला. दर रविवारी गोरखकडे जाऊन नवा संच बसवला. गोरख आता त्यांना पाहिलं की न विचारता बेल्टचं झाकण खोलायचा. या काळात त्यांनी त्याला एकदाही दुरुस्त केलं नाही. उलट एकदा स्वतःच म्हणाल्या, "वजनं दे रे इकडं," आणि मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी विद्यार्थी तर नाही ना.

उत्तर मिळालं ते असं : तीन रोलर तेराचे, तीन दहाचे, एक सोडून एक. सरासरी साडेअकरा.

त्या बुधवारी त्यांनी सविताला तिसऱ्या वळणावर मागे टाकलं. सपाटीवर ती मागेच राहिली. धरणाच्या कडेने मागेच राहिली. कॅम्पवाल्यांच्या पाट्या गेल्या, पवनानगरचं वळण गेलं, आणि शाळेच्या फाटकाशी स्कूटर उभी करून रजनीबाईंनी हेल्मेट काढलं तेव्हा फळा कोरा होता.

नंदाबाईंनी खडू आणून दिला. "आज तुमी व्हय बाई? आवाज न्हाई आला. चहा टाकायचाच राहिला."

चौदा महिने रजनीबाईंनी या क्षणासाठी एक वाक्य जपून ठेवलं होतं. उंचीवर पाण्याचा उत्कलनांक कमी होतो त्याबद्दल. पण खडू हातात आला आणि वाक्य गेलं.  मागे लांबवर सविताच्या गाडीचा आवाज येऊ लागला. स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय त्या काही लिहीत नसत, आणि गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी पडताळून पाहिलेलं विधान एकच होतं. ते त्यांनी लिहिलं. आणि खाली, सवयीप्रमाणे, स्रोत.

'वजनं कमी करा, चढ आपोआप चढेल. – गोरख.'

प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक व्यासपीठावर आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता. "आज," ते म्हणाले आणि थांबले. "आज फाटकाशी मी पाच मिनिटं उभा राहिलो. सविता मॅडम, काय लिहिलंत!"

"मी नाही सर," सविता म्हणाली. "रजनीताईंनी."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "रजनी मॅडम? तुम्ही? कुठे वाचलंत हे वचन?"

"वाचलं नाही, सर. ऐकलं."

"श्रवण!" मुख्याध्यापक मुलांकडे वळले. "ऐकलंत? कुणाकडून, मॅडम?"

"थेट," रजनीबाई खरं तेच बोलल्या.

"थेट गोरखनाथांकडून!" मुख्याध्यापकांनी हात जोडले. "मुलांनो, याला म्हणतात अनुभूती. आणि शब्द पाहा. वजन नव्हे, वजनं! अनेकवचन! ही वजनं कुठं असतात? बाहेर? नाही. आत असतात. झाकणाच्या आत. आणि किती असतात?"

रजनीबाईंनी झटकन वर पाहिलं. त्यांना ते कसं माहीत?

"सहा!" मुख्याध्यापक गरजले, आणि बोटांवर मोजू लागले. "काम. क्रोध. लोभ. मोह. मद. आणि सहावं, सगळ्यांत जड..."

पूर्ण शाळा म्हणाली, "मत्सर!"

शिक्षकांच्या रांगेत दोन बायकांनी एकाच वेळी आपापल्या चपलांकडे पाहिलं.

प्रवचन बावीस मिनिटं चाललं. पहिला तास बुडाला. त्या वर्षात मुख्याध्यापक एवढे खूश झालेले कुणी पाहिले नव्हते. हे वाक्य रंगवून कायमचं भिंतीवर लिहायचं ठरलं, नावासकट. मनाला भिडणं म्हणजे हेच असावं, असं रजनीबाईंना वाटलं. फारसं काही लागत नाही, असंही वाटलं.

रांग पांगली. सविता मात्र तिथेच घोटाळली. अख्ख्या शाळेत तो गोरख कोण आणि ती सहा वजनं कुठली हे ओळखणारी ती एकटीच होती. ती हसेल, सगळ्यांना सांगेल, असं रजनीबाईंना वाटलं होतं. पण ती हसत नव्हती. फळ्याकडे, मग फाटकाशी उभ्या असलेल्या दोन राखुंडी स्कूटरांकडे, मग पुन्हा फळ्याकडे ती पाहत होती. ओढणीचं टोक तिने बोटाभोवती घट्ट गुंडाळलं होतं.

"ताई," ती हळूच, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "किती ग्रॅमची टाकलीत हो?"

तो आवाज रजनीबाईंनी लगेच ओळखला. चौदा महिने तो त्यांच्या स्वतःच्या डोक्यात वाजत होता. त्याच्यापायी किती काळ झोप लागत नाही, पोळ्यांचे कसे नकाशे होतात, हे सगळं त्यांना माहीत होतं. त्यांना सविताबद्दल माया वाटली. खरंच वाटली, त्यांनी ती तपासूनही पाहिली.

एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणालाही, कधीही, एकही चुकीचं माप सांगितलं नव्हतं.

"नऊ," रजनीबाई म्हणाल्या.

सविताने मान डोलावली आणि ओठांतल्या ओठांत आकडा घोकत वर्गाकडे वळली. ती चार पावलं गेली असेल, तोच रजनीबाईंना अस्वस्थ वाटू लागलं. विज्ञानाच्या माणसाला असं सोडून देता येत नाही.

"सविता!" त्यांनी हाक मारली. सविता थांबली.

"अंदाजे हं," त्या म्हणाल्या.